मामलेदार नावाचा कावळा

आमच्या घराण्यात कावळ्याने कामाला लावलेला माणूस एकच आहे, आणि तो मी आहे.

काम बिनपगारी आहे. रजा नाही, बढती नाही, निवृत्तीचं वय नाही. (मी पाटबंधारे खात्यात कारकून आहे. त्यामुळे रजा नसलेलं काम म्हणजे काय, हे समजायलाच मला बराच वेळ लागला.) लोक कौतुकाने विचारतात, "तुम्हाला लहानपणापासून प्राण्यांची आवड असेल, नाही?" अहो, कसली आवड! मला कुत्र्यांची भीती वाटते. मांजर जवळ आलं की शिंका येतात. शेळी एकटक बघायला लागली की आपलंच काहीतरी चुकलंय असं वाटत राहतं. पण हे मी कुणाला पटवून देऊ शकत नाही, कारण सांगताना माझ्या मांडीवर कुणीतरी लंगडं बसलेलं असतं.

ह्या सगळ्याचं मूळ म्हणजे आमचे आप्पा. माझे सख्खे काका. पोस्टातून निवृत्त झालेले, लग्न न केलेले, डोक्यावर काळी टोपी आणि खिशात कायम हळदीची पुडी. मखमलाबाद रोडला आजोबांनी घेऊन ठेवलेला जमिनीचा तुकडा होता. तिथे पत्र्याची शेड टाकून आप्पांनी 'मुका जीव मंडळ' काढलं. मंडळ म्हटलं की अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार लागतात. ते तिन्ही आप्पाच. सभासद भरपूर होते, पण त्यांच्यातल्या एकालाही बोलता येत नव्हतं, त्यामुळे मंडळाच्या सभा अतिशय शांततेत पार पडायच्या.

आप्पांचं हे वेड घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्याचा पहिला खरा फटका मला बसला तो माझ्या लग्नात. वरातीसाठी उस्मानभाई टांगेवाल्याची घोडी ठरवली होती, राणी नावाची. तिला झूल घातलेली, कपाळावर तुरा. मी बाशिंग सावरत रिकिबीत पाय टाकणार, एवढ्यात आप्पा पुढे आले, खोगिराखाली हात घातला आणि बाहेर काढून सगळ्यांना दाखवला. बोटांना रक्त!

"उतर," आप्पा मला म्हणाले.

"आप्पा, मी अजून चढलोच नाहीये."

"मग चढू नकोस."

उस्मानभाई हात जोडून म्हणाला, "साहेब, शादीचा मुहूर्त हाय. आजचा दिवस जाऊ द्या."

"मुहूर्त नवऱ्याचा आहे, घोडीचा नाही," आप्पा म्हणाले, आणि त्यांनी तिथेच खोगीर उतरवलं.

मग रविवार कारंजावरून अशी वरात निघाली: पुढे बँड, मधे मी, घाम पुसत, पायी. आणि माझ्यामागे राणी, पाठीवर माझा शेला पांघरून, तुरा हलवत. लोक माझ्याकडे बघतच नव्हते! सुमनच्या मामांनी मांडवात हळूच विचारलं, "नवरदेव घोड्याला भितात का?" (भितो. पण तो मुद्दा नव्हता.) सुमन आजही पाहुण्यांना सांगते, "आमच्या वरातीत घोडी मिरवली आणि हे चालत आले."

दुसऱ्या दिवशी उस्मानभाई भांडायच्या तयारीने शेडवर गेला. आप्पा राणीची जखम धूत होते. त्यांनी मान वर न करता कापडाच्या पट्टीचं एक टोक त्याच्या हातात दिलं आणि म्हणाले, "हे धर. घट्ट ओढू नकोस." उस्मानभाईने ते धरलं, आणि पुढे आप्पा असेपर्यंत कधी सोडलं नाही. राणी बरी झाल्यावर पुन्हा टांग्याला जुंपली ती आप्पांच्या अटीवर. चाबूक नाही. चढ आला की गिऱ्हाइकांनी उतरायचं. उतार आला की गाडीचं ओझं मागून घोडीच्या अंगावर येतं, म्हणून उतारालाही उतरायचं. आता नाशकात चढ-उतार सोडून उरतं काय? उस्मानभाईच्या टांग्यात बसणं म्हणजे टांग्याबरोबर फिरायला जाणं होतं.

रोज सकाळी हाच टांगा पंचवटीतल्या धर्मशाळांमधून उरलेली पोळी-भाजी, भाताची खरवड, भाज्यांची डेखं गोळा करून शेडवर यायचा. त्याचे घुंगरू वाजले की सगळं मंडळ फाटकाशी हजर. वाळूच्या ओझ्याने पाठ मोडलेलं गाढव, गाडीखाली येऊन तीन पायांवर आलेली कुत्री, आणि सोन्या नावाचा आंधळा बैल. सोन्याला रस्ता दिसायचा नाही, म्हणून आप्पांनी गंगी शेळीच्या गळ्यात घंटी बांधली होती. घंटी जाईल तिकडे सोन्या. गंगीलाही आपण बैल चालवतो ह्याची चांगलीच जाणीव होती. टांगा परत निघाला की ही सगळी वरात मागे लागायची, म्हणून फाटकाची कडी आधी लावायची, हा मंडळाचा पहिला आणि शेवटचा नियम होता.

आणि मामलेदार. संक्रांतीच्या मांज्यात पंख कापला गेलेला कावळा. आप्पांनी पोस्टातलं जुनं भिंग लावून त्याच्या पंखातला दोरा सोडवला होता. जीव वाचला, पण उडणं गेलं. एका उडीत माणसाच्या खांद्यापर्यंत पोचायचा, एवढंच. कुणी काय खाल्लं, किती खाल्लं ह्याची चौकशी केल्याशिवाय राहायचा नाही, म्हणून त्याचं नाव मामलेदार. आप्पा खांद्यावर दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा ठेवायचे आणि मामलेदारसाहेब तिथे बसून जेवायचे. ताटातलं, जमिनीवरचं काही चालत नसे. भात तर मुळीच नाही.

मी रविवारी जायचो. म्हणजे सुमन पाठवायची. आप्पा मला एखादं काम सांगायचे, आणि मी "बघतो" म्हणायचो. आमच्या खात्यात 'बघतो' ह्या शब्दावर आख्खी कारकीर्द काढता येते. एकदा सोन्याच्या खुरातला काटा काढता काढता आप्पा म्हणाले, "बाळू, माझ्यानंतर ह्यांचं कोण रे?"

"बघू, आप्पा. तुम्हाला काय होतंय!"

आप्पा हसले. "दया सगळ्यांनाच येते. शेण काढायला कोण येतं, ते सांग."

मी त्या दिवशी पांढरी पँट घातली होती, त्यामुळे विषय तिथेच थांबला.

आणीबाणी उठून थोडाच काळ झाला असेल. एका सकाळी सोन्यापुढे पेंड ठेवून आप्पा दगडावर टेकले, ते उठलेच नाहीत. उस्मानभाईने येऊन सांगितलं तेव्हा मी दाढी करत होतो. मी खूप रडलो. माझे वडील गेले तेव्हा मी लहान होतो, नीट रडायचं राहून गेलं होतं, ते सगळं बहुतेक त्या दिवशी निघालं. शेडवर गेलो तर सोन्या तसाच उभा होता, पेंडीला तोंड न लावता, आणि गंगी पहिल्यांदाच कुणाकडेही एकटक बघत नव्हती.

दहा दिवसांच्या सुतकात मुंबईहून माझा थोरला भाऊ आला, दादा. निफाडहून आत्या आली, आप्पांची धाकटी बहीण. दादा मोठ्या कंपनीत साहेब होता. तो कुठल्याही गोष्टीचा निकाल चहा संपायच्या आत लावायचा.

"बाळ्या, तेरावा झाला की पहिलं काम, हे प्राणिसंग्रहालय मोकळं करायचं," तो म्हणाला. "कुत्री म्युनिसिपालटीच्या गाडीत. बैल, गाढव बाजारात. शेळी कुणीही नेईल. मग जागेचं बघू."

म्युनिसिपालटीच्या गाडीत गेलेलं कुत्रं परत येत नसे, हे आम्हाला माहीत होतं. आंधळा बैल बाजारात कोण घेतो, आणि कशाला घेतो, हेही माहीत होतं. सुमनने माझ्याकडे बघितलं. आत्याने बघितलं. मी काहीतरी बोलेन म्हणून दोघी थांबल्या.

"बघू," मी म्हणालो.

दहाव्याला रामकुंडावर गेलो. न्हाव्याने आम्हा दोघा भावांचे गोटे केले. दादा साहेब असल्यामुळे त्याचा गोटाही जरा रुबाबदार दिसत होता, माझा नुसताच चकचकीत. गुरुजींनी विधी उरकला, पिंड ठेवला, आणि आम्ही बाजूला होऊन हात जोडून उभे राहिलो. आता कावळा शिवला की गेलेल्याची इच्छा पुरी झाली असं समजायचं.

रामकुंडावरचे कावळे म्हणजे मुरलेले! गुरुजींचा हात पिंडावरून निघायच्या आत चोच मारणारे. पण त्या दिवशी ते समोरच्या तारेवर ओळीने बसून राहिले. आमच्याकडे बघत होते. खाली उतरायचं नाव नाही.

"काही इच्छा राहिलीय," गुरुजी म्हणाले. "कबूल करा कुणीतरी."

दादाने घसा साफ केला. "आप्पा, तुमचं वर्षश्राद्ध थाटात करू." कावळे ढिम्म.

"आप्पा, तुझा मोठा फोटो लावू रे दिवाणखान्यात," आत्या म्हणाली. एका कावळ्याने मान फिरवून पिसं साफ करायला सुरुवात केली.

"वाचनालयाला तुमच्या नावाने पंखा देऊ!" दादा. "दर एकादशीला भजन ठेवू!" पुन्हा दादा. "कांदाभजी करू तुमच्या आवडीची," मी. (माझ्या परीने मीही प्रयत्न करत होतो.) शेजारच्या मंडळींचा पिंड ठेवला रे ठेवला, तारेवरचे दोन उतरले, तिथला भात खाऊन परत आमच्यासमोर येऊन बसले. आता हा उघड उघड अपमान होता.

आप्पांची इच्छा काय होती हे आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही तिच्या आजूबाजूने फिरत होतो, इतकंच. ती जो तोंडातून काढेल त्याच्या गळ्यात पडणार, म्हणून प्रत्येक जण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होता.

ऊन चढलं. गुरुजींना पुढे आणखी लोक होते. "दर्भाचा कावळा करून लावू का? शास्त्रात सोय आहे," ते म्हणाले.

"करा!" दादा पटकन म्हणाला.

आत्या उसळली. "खबरदार! जन्मभर माझ्या भावाने जित्याजागत्या जनावरांची सेवा केली, आणि त्याला गवताचा कावळा? लाजा वाटू देत!"

आणि इथे मला कल्पना सुचली. कारकुनाला कल्पना सुचली की समजावं, काम वाढणार. घाटावरचे कावळे येत नाहीत ना? मग आपल्या घरचा आहे की! आणू, पिंडावर ठेवू, शिवेल, सुटलो. कबूल काहीच करायला नको!

"आलोच," मी म्हणालो, आणि भिजल्या पंच्यावर, उघड्या अंगाने, खांद्यावर उपरणं टाकून पायऱ्या चढत सुटलो. वर उस्मानभाई टांगा घेऊन उभा होता. तो खाली आला नव्हता, पण टोपी काढून हातात धरली होती.

"उस्मानभाई, चल पटकन, मामलेदाराला आणायचंय!"

टांगा निघाला, आणि मालेगाव स्टँडचा चढ लागला. उस्मानभाईने लगाम ओढला. "उतरा साहेब."

"अरे, गुरुजी थांबलेत!"

"आप्पांचा कायदा हाय."

"आप्पांचाच दहावा आहे!"

"म्हणून तर," तो म्हणाला. मी उतरलो, आणि तुळतुळीत गोट्यावर ऊन घेत टांग्याच्या मागे चालत चढ चढलो.

शेडवर मामलेदार खालच्या तुळईवर बसला होता. मी उपरणं फेकलं, ते गाढवावर पडलं. पुन्हा फेकलं, मामलेदार सरकला आणि मी शेणात बसलो. कुत्री भोवती जमली. दहा दिवस उस्मानभाई आणि मी त्यांना खायला घालत होतो, तरी ती माझ्यावर भुंकायची ती भुंकलीच.

"साहेब, पकडायचं कशाला?" उस्मानभाई म्हणाला. "खांद्यावर पोळी ठेवा. आप्पांकडे तसाच यायचा."

मी खांद्यावर पोळीचा तुकडा ठेवला, डोळे मिटले आणि मारुतीचं नाव घेतलं. फडफड झाली. खांद्यात नखं रुतली. मामलेदाराने तुकडा खाल्ला, माझ्या कानात एकदा डोकावून बघितलं, आणि मी त्याला दोन्ही हातांनी टोपलीत घालून वर उपरणं बांधलं. त्या घाईत टोपली छातीशी धरून टांग्यात चढलो. फाटकाची कडी राहिली.

येताना उतार. म्हणजे पुन्हा पायी! राणी सावकाश, तिच्या पुढे लगाम धरून उस्मानभाई, मागे टोपली घेऊन मी. टोपलीतून मामलेदार सगळ्या गावाला हाका मारत होता. लोक दुकानातून बाहेर येऊन बघत होते. थोडं पुढे आल्यावर मला मागून घंटी ऐकू आली.

"उस्मानभाई, ही गंगीची घंटी तर नाही?"

"देवळातली असेल, साहेब," तो मागे न बघता म्हणाला.

मी मागे बघितलं. गंगी, मान ताठ. तिच्या मागे सोन्या, आंधळे डोळे वर करून, घंटीवर कान ठेवून. त्याच्या मागे गाढव, आणि दोन्ही बाजूंना झेंडे धरल्यासारख्या शेपट्या वर करून सगळी कुत्री! दहा दिवसांनी फाटक उघडं मिळालं होतं, घुंगरू पुढे चालले होते, आणि ह्यांना वाटलं असणार की आप्पांकडेच चाललेत. असं मला नंतर वाटलं. त्या वेळी मला फक्त पळावंसं वाटलं. पण उतार होता, आणि कायदा होता.

घाटावर पोचलो तेव्हा सुमनने मला आधी बघितलं आणि मग माझ्या मागे. तिने तोंडावर पदर धरला. ती हसत होती की रडत होती, मला अजून कळलेलं नाही.

"बाळ्या, हे काय आहे?" दादा ओरडला.

"कावळा," मी म्हणालो.

"आणि बाकीचं?"

"बाकीचं... आलं."

पायऱ्यांवर बसलेला एक म्हातारा शेतकरी शेजाऱ्याला विचारत होता, "कुनाचा दहावा हाय हो? लय मोठा मानूस दिसतो. समदा गोठाच आला!"

गुरुजी म्हणाले, "पाळीव कावळा आणणं हे शास्त्रात बसत नाही."

"कावळा भाड्याने राहणारा असावा असं तरी शास्त्रात कुठं आहे?" आत्याने विचारलं. गुरुजी बाजूला सरकले. त्यांची चूक नव्हती, आत्यापुढे निफाडात कुणीच बोलत नाही.

मी उपरणं सोडलं. मामलेदार टोपलीतून बाहेर आला. पिंडाभोवती एक चक्कर मारली. वाकून बघितलं. भात! त्याने आमच्या सगळ्यांच्या तोंडाकडे असं काही बघितलं की मला मान खाली घालून तिथून निघून जावंसं वाटलं. मग वळला, टुणटुण उड्या मारत थेट माझ्याकडे आला, एक झेप घेऊन खांद्यावर बसला, आणि तिथे पोळी नाही असं दिसल्यावर शोधायला वर चढून माझ्या गोट्यावर!

सगळा घाट माझ्या डोक्याकडे बघू लागला.

"आप्पाने माणूस दाखवला," आत्या म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"आत्या, तो भुकेला आहे!" मी ओरडलो. "मघाशी ह्याच खांद्यावर पोळी दिली होती मी त्याला! विचारा उस्मानभाईला!"

सगळ्यांनी वर उस्मानभाईकडे बघितलं. उस्मानभाई राणीचा कान साफ करत होता. त्याला काहीही ऐकू आलं नाही.

तेवढ्यात गंगी पायऱ्या उतरली. तिला पिंड दिसला. "शेळी! शेळी!" करत गुरुजींनी पिंडावर आडवे हात धरले, दादाने झेप घालून तिचा पट्टा पकडला, आणि घंटी थांबली. घंटी थांबली तसा सोन्याही थांबला, बरोबर दादाच्या मागे. त्याने नाक पुढे केलं. माणसाचा वास आला असावा. त्याने दादाचा नुकता केलेला गोटा हळूहळू चाटायला सुरुवात केली. दादा, मोठ्या कंपनीतला साहेब, शेळी धरून उकिडवा बसलेला, आणि वरून बैल जीभ फिरवतोय. तो सरकला नाही. त्याचे डोळे भरून आले.

"आप्पांच्या टोपीला सुद्धा असंच करायचा हा," दादा हळूच म्हणाला. बाजाराचं नाव त्याने त्यानंतर काढलं नाही. पण तो मुंबईला राहत होता. आत्या निफाडला. मखमलाबाद रोडपासून पायी जाण्यासारखं घर एकाचंच होतं, आणि त्याच्या डोक्यावर कावळा होता.

कुत्री पायरीवर बसली होती. सगळी माझ्याकडे बघत होती, आणि पहिल्यांदाच एकही भुंकत नव्हतं. मला त्यांची भीती वाटत होती आणि त्यांची कीवही येत होती. दोन्ही एकाच वेळी वाटू शकतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. माझ्या तोंडून शब्द आले, "आप्पा, मी बघतो."

मामलेदार हलला नाही.

"हे चालणार नाही," मागून सुमनचा आवाज आला. "'बघतो' तुम्ही गळक्या नळालाही म्हणता. आप्पा ओळखतात तुम्हाला. नीट सांगा!"

"अगं, सगळा घाट ऐकतोय."

"ऐकू दे. मी आहे ना बरोबर."

ह्या शेवटच्या तीन-चार शब्दांनी मला धीर आला. मी हात जोडले, डोळे मिटले आणि मोठ्याने म्हणालो, "आप्पा, ह्यांना मी सांभाळीन. गाडीत जाऊ देणार नाही, बाजारात जाऊ देणार नाही. शेण मी काढीन!" आणि पिंडाला नमस्कार करायला खाली वाकलो.

आता इथे माझं म्हणणं शांतपणे ऐकून घ्या. नुकताच केलेला गोटा, त्यावर घाम, आणि वाकलेलं डोकं. अशा जागेवर कुठलाही कावळा ठरणार नाही! मामलेदार घसरला. कपाळावरून, नाकावरून घसरला, आणि पंख फडफडवत सरळ पिंडावर जाऊन आदळला. चोच भातात.

"शिवला!" आख्ख्या घाटाने आरोळी ठोकली.

"घसरला!" मी म्हणालो. पण कुणी ऐकायला तयार नव्हतं. आत्याने मला पोटाशी धरलं, गुरुजींनी डोळे पुसले, आणि तारेवरचे ते मुरलेले कावळे एका झपाट्यात खाली उतरून उरलेला भात फस्त करून गेले.

ह्याला आता बरीच वर्षं झाली. मी रोज पहाटे उठून शेडवर जातो, नंतर ऑफिसला. सुमन जखमा धुते, तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे. मला पट्टीचं दुसरं टोक धरायला देते. राणी आणि सोन्या आपापल्या वेळी गेले, आमच्या समोर, आपल्या जागी. सोन्याच्या शेवटच्या रात्री गंगी त्याच्याजवळून हलली नव्हती. दया येते का म्हणाल, तर रोज येतेच असं नाही. थंडीत गार पाण्याने शेड धुताना तर मुळीच येत नाही. पण आप्पांनी दयेबद्दल विचारलंच नव्हतं, शेणाबद्दल विचारलं होतं, आणि ते मात्र मी एकही दिवस राहू दिलेलं नाही.

कुत्री अजून माझ्यावर भुंकतात. मामलेदार म्हातारा झालाय, पण चौकशी चालूच आहे.

हल्ली कधीकधी शेडमधल्या दगडावर टेकलो की आप्पांचा प्रश्न मलाही पडतो. सुदैवाने गेल्या वर्षी दादाच्या जावयाची बँकेतून नाशिकला बदली झाली. मुलगा चांगला आहे, मनाने हळवा आहे, आणि घरही जवळच घेतलंय. रविवारी मी त्याला शेडवर बोलावतो आणि त्याच्या खांद्यावर दुधात भिजवलेला पोळीचा तुकडा ठेवतो.

"काका, हे कशासाठी?" तो विचारतो.

"काही नाही हो," मी म्हणतो. "कावळ्याला सवय असावी."

सगळं जमत आलंय. काळजी एकच आहे: जावयाचे केस फार दाट आहेत!